टाक करायचा तर लाकूड सुकं हवं

नमस्कार श्रोतेहो. आज टाकाविषयी बोलू. दौतीत बुडवून लिहायचा टाक, आणि तोही घरी, आपल्या हातानं तासलेला. निब बाजारात मिळते. आपण करायची ती दांडी. करंगळीएवढी जाड, वीतभर लांब. चाकू जाड बाजूकडून निमुळत्या बाजूकडे न्यायचा, लाकडाच्या रेषेरेषेनं. उलट नेलात तर ढलपी खोल निघते. बाकी धारेशी कसं वागायचं, हे रोज विळीवर बसणाऱ्यांना मी काय सांगू!

सांगायची गोष्ट एकच, लाकूड सुकलेलं हवं. पुन्हा सांगतो, सुकलेलं.

आमच्या वाडीत सातवीतली एक मुलगी आहे. गणपतीच्या दिवसांत तिनं परसातल्या फणसाची ताजी फांदी तोडून टाक केला. देखणा झाला हो! फणस म्हटलं की आपण कापा की बरका एवढंच विचारतो, लाकडाची चौकशी कोणी करत नाही. हे मला कधीच पटलेलं नाही. असो. निब अशी घट्ट बसली की ओढून निघेना. आरत्यांची वही तिनं त्याच टाकानं लिहिली.

पुढे आला शिमगा. मांडावर, म्हणजे शिमग्याला वाडी जमते त्या जागी, वर्गणीची यादी लिहायला बाईसाहेब टाक-दौत घेऊन हजर. पहिलं नाव झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला टाक बुडवला, वर काढला, तर नुसती दांडी! निब दौतीत. सगळा मांड हसला. पोरीचे डोळे भरले. तेवढ्यात वाडीतले म्हातारे सुतारकाका पुढे झाले, दांडीचं तोंड उजेडात धरलं. तिथं बारीकशी चीर. म्हणाले, "अगो चेडवा, लाकूड ओलां होतां, तां सुकताना आवळलां. लोखंड काय आवळणा नाय. मगे फुटतला कोण?"

आणि घरी जाऊन जुन्या खिडकीच्या चौकटीचा एक तुकडा घेऊन आले. "ह्योव फणसच. पण माझ्या बापाशीच्या येळचो."

आता अशा चौकटी काढून लोक ॲल्युमिनियम बसवतात आणि लाकूड बंबात घालतात. घालू नका. टाकाला त्यासारखं सुकं लाकूड दुसरं नाही.

निब बसवायला दांडीच्या टोकाला गोल भोक पाडा आणि त्यात किंचित बारीक खुंटी ठोका. खुंटी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत निब सरकते. शेवटी तेल लावा, पण खोबरेल नको, ते वाळत नाही, हात चिकट होतात. अळशीचं लावा, पातळ.

आणि नव्या निबेवर कारखान्यातलं तेल असतं. साबणाच्या पाण्यानं धुवा, पुसा, मगच बुडवा. नाहीतर शाईचे थेंब होतात, अक्षर उमटत नाही.