जिम मॉरिसनचा मृत्यू आणि न झालेलं शवविच्छेदन

मंडळी, एखाद्या मृत्यूभोवती कटाच्या कथा उगवल्या की आपण त्या कथांमागे धावतो. मी आधी विचारतो, त्या प्रकरणात कोणती तपासणी झालीच नाही? जिम मॉरिसनच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे.

‘द डोर्स’ या अमेरिकन रॉक बँडचा हा गायक ३ जुलै १९७१ रोजी पॅरिसमधल्या भाड्याच्या घरात, आंघोळीच्या टबमध्ये मृत सापडला. वय २७. त्याची सोबतीण पामेला कोर्सन हिने पोलिसांना सांगितलं की रात्री त्याचा श्वास घरघरत होता, तो गरम पाण्यात बसला, रक्त ओकला. डॉक्टरांनी देह बाहेरून तपासला, घातपाताची खूण दिसली नाही, आणि हृदय बंद पडल्याची नोंद झाली. घातपाताचा संशय नसेल तर फ्रान्समध्ये शवविच्छेदन सक्तीचं नव्हतं. ते झालं नाही.

इथे नीट थांबायला हवं. ‘हृदय बंद पडलं’ यातून आयुष्य कसं संपलं ते कळतं, मरण कशाने आलं ते कळत नाही. संशय घेतला जातो तो हेरॉइनचा. हा अमली पदार्थ मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंदावतो; सोबत दारू असेल तर आणखीच. ते नाकाने ओढलं असेल तर सुईची खूणही राहत नाही. त्यासाठी रक्त आणि लघवी तपासावी लागते. अंतर्गत रक्तस्राव असेल तर देह उघडावा लागतो. यांतलं काहीच न केल्यामुळे नैसर्गिक मृत्यू आणि अमली पदार्थाने झालेला मृत्यू, दोन्ही शक्यता कागदोपत्री सारख्याच उभ्या राहिल्या.

त्यात ७ जुलैला पेर लाशेझ दफनभूमीत मोजक्या माणसांसमोर दफन उरकलं आणि जगाला बातमी त्यानंतर कळली. बँडचे व्यवस्थापक बिल सिडन्स पोचले तेव्हा शवपेटी बंद होती. ‘तो मेलाच नाही, पळून गेला’ ही कथा या बंद पेटीवर पोसली गेली. पण ती खरी ठरायला पामेला, डॉक्टर, मदतीला आलेले अग्निशमनाचे जवान, पोलीस, सगळे सामील हवेत. मला ती साफ अमान्य आहे.

पॅरिसमधल्या एका नाइटक्लबचे तेव्हाचे व्यवस्थापक सॅम बर्नेट यांचं म्हणणं जास्त गंभीरपणे घ्यावं लागतं: मॉरिसन त्या क्लबच्या शौचालयात हेरॉइनने गेला आणि त्याला घरी नेऊन टबात ठेवलं. मात्र हे पुस्तकरूपाने आलं २००७ मध्ये, ३६ वर्षांनी. पामेला १९७४ मध्येच वारली होती. तिला उलट विचारणं शक्यच नव्हतं.

‘मग थडगं उघडा, डोक्याचे केस तपासा’ असं वारंवार सुचवलं जातं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. रक्तातलं द्रव्य मुळाशी केसात शिरतं आणि तो भाग त्वचेबाहेर यायला काही दिवस जातात. म्हणून केसांतून फार तर आधीच्या महिन्यांतली सवय दिसेल. शेवटच्या रात्री काय घेतलं ते नाही. ते सांगू शकणारं रक्त जुलै १९७१ मध्येच घ्यायला हवं होतं.