स्टार्च कशाचा?

हा जो घडी घातलेला कागद दिसतोय ना, तो पूर्ण उघडला की टेबलावर मावत नाही. गोळ्यांच्या डब्यात स्ट्रिपभोवती गुंडाळलेला असतो, बहुतेक लोक डबा उघडल्या उघडल्या फेकून देतात, मी पण फेकायचे. आता भिंग घेऊन वाचते. सगळा नाही हं. डोस, साइड इफेक्ट, गरोदरपणात घ्यायचं का, हे सगळं सोडून थेट शेवटाकडे जाते, जिथे एकदम बारीक अक्षरात "इतर घटक" लिहिलेलं असतं आणि पुढे चार-पाच नावं. त्यातल्या एकाच नावाशी माझं काम असतं. या कागदावर ते आहे. "स्टार्च." बस्स. कशाचा, ते लिहिलेलं नाही.

मला सिलिॲक आहे. म्हणजे गहू, बार्ली नाहीतर राय यातलं ग्लुटेन नावाचं प्रोटीन पोटात गेलं की माझीच इम्यून सिस्टीम माझ्याच लहान आतड्यावर तुटून पडते. आतड्याच्या आतून बारीक लव असते, मखमलीसारखी, ती झिजत झिजत सपाट होते आणि मग खाल्लेलं अंगाला लागत नाही. लोह नाही, कॅल्शियम नाही, काहीच नाही. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो आणि त्यातल्या कितीतरी जणांना माहीतच नसतं. उपाय एकच, आयुष्यभर ग्लुटेन बंद. गोळी नाही, इंजेक्शन नाही. आणि गंमत बघा, ज्या आजारावर औषधच नाही त्या आजाराच्या माणसाला बाकीची औषधं घेताना धास्ती वाटते.

(टेबलावर एक गोळी, अगदी जवळून.)

ही माझी थायरॉइडची गोळी. सिलिॲक असलेल्यांमध्ये थायरॉइडची तक्रार बऱ्यापैकी सापडते, दोन्ही ऑटोइम्यून, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं असे, एकमेकांचे शेजारी म्हणा. हिच्यात खरं औषध किती, तर 50 मायक्रोग्रॅम. एका मिलिग्रॅमचा विसावा भाग! तेवढं नुसतं हातावर ठेवलं तर दिसणार पण नाही, मग ते चिमटीत पकडता यावं, तुटू नये, पोटात गेल्यावर मात्र लगेच विरघळावं यासाठी त्याच्याभोवती बाकीचा माल रचतात. कोणी नुसती जागा भरायला, कोणी चिकटवायला, कोणी पाणी लागल्यावर गोळी फोडायला, कोणी मशीनला चिकटू नये म्हणून. आपण जी गोळी बघतो ती जवळजवळ सगळी हा बाकीचा मालच असते. आणि या कामांसाठी स्टार्च एकदम स्वस्त आणि मस्त.

आता स्टार्च म्हणजे ग्लुटेन नाही, हे आधी डोक्यात बसवा, मला बसवायला वर्ष लागलं. गव्हाचा संबंध या आजाराशी जोडला तो डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी, आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पण दाखवलं की त्रास गव्हाच्या स्टार्चमुळे होत नाही, त्यातल्या प्रोटीनमुळे होतो. पण गव्हाचा स्टार्च काढताना प्रोटीन शंभर टक्के धुऊन निघत नाही, किंचित राहतंच, सगळा प्रश्न त्या किंचितचा आहे. आणि गोळ्यांमधला स्टार्च बहुतेक वेळा मक्याचा किंवा बटाट्याचा असतो, मग तर प्रश्नच मिटला. फक्त लिहा ना बाबांनो तसं!

बाकीची नावं वाचून घाबरायला होतं पण त्यातली बरीच निरुपद्रवी आहेत. मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, मॅग्नेशियम स्टिअरेट, टायटॅनियम डायऑक्साइड, जिलेटिन, यांचा ग्लुटेनशी काही संबंध नाही. माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं की मी आधी डबा खाली ठेवायचे, कारण नावात माल्ट, आणि माल्ट म्हणजे बार्ली. पण ते माल्ट नव्हेच, बहुतेक मक्यापासून करतात. सोडियम स्टार्च ग्लायकोलेट सहसा बटाट्याचं. विचारायचं ते नुसतं "स्टार्च", "प्रीजिलॅटिनाइज्ड स्टार्च", "मॉडिफाइड स्टार्च", "डेक्स्ट्रिन" असं मोघम लिहिलं असेल तेव्हा. आणि खरंच माल्ट लिहिलं असेल तर विचारायचं पण नाही, ठेवून द्यायचं. लॅक्टोज ही वेगळीच भानगड, त्यात ग्लुटेन नसतं, पण नुकतंच निदान झालेल्याचं आतडं इतकं सोललेलं असतं की काही दिवस दुधातली साखर पण झेपत नाही.

मग लिहीत का नाहीत? कारण कायदे खाण्यासाठी आहेत. खाण्याच्या पाकिटावर ग्लुटेन फ्री छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत हवं, अमेरिकेत एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध खात्याने, हा नियम 2013 मध्ये केला, पण तो डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांना लागू नाही. त्यांच्यासाठी 2017 च्या डिसेंबरमध्ये एक मसुदा काढला, त्यात कंपन्यांना सुचवलं की गहू, बार्ली, राय यापासून केलेला कुठलाही घटक नसेल तर तसं एक वाक्य लिहा. सुचवलं, सक्ती नाही. युरोपात बरं आहे, तिथे गव्हाचा स्टार्च असेल तर पत्रकात सांगावंच लागतं, एका गोळीत जास्तीत जास्त किती मायक्रोग्रॅम ग्लुटेन असू शकेल ते पण.

त्याच मसुद्यात एक गोष्ट होती जी वाचून माझ्या खांद्यावरचं ओझंच उतरलं. एफडीएने लिहिलं होतं की अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पोटात घ्यायच्या औषधांपैकी एकातही गव्हाचं पीठ किंवा ग्लुटेन मुद्दाम घातल्याचं त्यांच्या माहितीत नाही, आणि एखाद्यात गव्हाचा स्टार्च असलाच तरी एका डोसमध्ये ग्लुटेन अर्ध्या मिलिग्रॅमच्याही आत असेल अशी अपेक्षा. अर्धा मिलिग्रॅम म्हणजे किती? बहुतेक सिलिॲकवाल्यांना दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंत सहसा बाधत नाही असं मानतात, 50 मिलिग्रॅम रोज तीन महिने घेतलं तर आतड्याला इजा दिसते. आता आपण वाईटात वाईट धरू. 500 मिलिग्रॅमची गोळी, अख्खी गव्हाच्या स्टार्चची, औषध शून्य, आणि त्या स्टार्चमध्ये किलोमागे 100 मिलिग्रॅम ग्लुटेन. गुणाकार केला तर 0.05 मिलिग्रॅम येतं. अशा 200 गोळ्या एका दिवसात गिळल्या तर कुठे 10 मिलिग्रॅम! तेव्हा चुकून एक गोळी गेली म्हणून रात्रभर जागायचं कारण नाही, आयुष्यभर रोज घ्यायच्या गोळीची मात्र चौकशी करून ठेवायची. एवढाच फरक.

हे सगळं आज शहाण्यासारखं सांगतेय. तेव्हा काय केलं ते सांगते.

डबा बदलला होता. औषध तेच, 50 मायक्रोग्रॅमच, पण कंपनी दुसरी. औषध तेच असलं तरी बाकीचा माल प्रत्येक कंपनीचा आपापला असतो, हे मला माहीत होतं म्हणून कागद उघडला आणि तिथे हा शब्द, "स्टार्च". त्याच आठवड्यात खोकला झाला म्हणून एक शुगर फ्री सिरप आणलेलं, ते पण चालू होतं, तिसऱ्या दिवशी पोट असं काही बिघडलं की विचारू नका. गुरगुर, जुलाब, सगळं जुनं ओळखीचं. मी कोर्टच भरवलं, आरोपी एकच, नवी गोळी. केली बंद. कोणाला विचारलं नाही. कंपनीला मेल टाकला आणि उत्तराची वाट बघत बसले. बारा दिवस.

आणि बारा दिवस मला काहीच झालं नाही! थायरॉक्सिन, म्हणजे या गोळीतलं औषध, अंगातून अर्धं व्हायलाच साधारण आठवडा लागतो, म्हणजे गोळी बंद केल्याचं शरीर लगेच सांगत नाही, उलट खोकला गेला, सिरप संपलं, पोट पण ताळ्यावर आलं आणि मला वाटलं बघा, पकडला की नाही चोर. मग जिना चढताना पाय ओढायला लागले, दुपारी बसल्या बसल्या डुलकी, गार वाटायला लागलं, तेव्हा गेले डॉक्टरांकडे. रिपोर्टमध्ये टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडला की वाढणारं हार्मोन, चांगलंच वर. त्यांनी रिपोर्ट बघितला, माझ्याकडे बघितलं.

"गोळी घेताय ना?"

"नाही, त्यात ग्लुटेन आहे."

"कोणी सांगितलं?"

मी कागद पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, त्या दिवसांत अजून काय काय घेत होतात? सिरपची बाटली माझ्या पर्समध्येच होती. लेबलवर दोन नंबरला सॉर्बिटॉल, चार नंबरला माल्टिटॉल. साखरेऐवजी घालतात, नीट शोषली जात नाहीत, आतड्यात पाणी ओढून घेतात, जास्त झाली तर धडधाकट माणसाला पण जुलाब होतात, आणि मी तर खोकला थांबेना म्हणून लेबलवर लिहिलेल्यापेक्षा जास्तच ढोसत होते. चोर तिथे होता. गोळी त्याच दिवसापासून परत सुरू. डॉक्टर म्हणाले शंका आली तर फोन करा, दुसऱ्या कंपनीची लिहून देतो, पण बंद करायची नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

याच्या उलटही होतं बरं का. ओल्मेसार्टन म्हणून रक्तदाबाचं एक औषध आहे, क्वचित कोणाला त्याने आतड्याला सेम सिलिॲकसारखी इजा होते, जुलाब, वजन उतरणं सगळं, एफडीएने 2013 मध्येच तशी सूचना काढली. तिथे ग्लुटेन सोडून काही उपयोग नाही, औषधच बदलावं लागतं, अर्थात डॉक्टरांनी. म्हणजे पोट बिघडलं की ग्लुटेन, हा हिशोब दोन्ही बाजूंनी चुकतो.

मला विचाराल तर जास्त जपायचं ते डॉक्टरांच्या गोळ्यांपेक्षा आपण आपल्याच मनाने आणतो त्या व्हिटॅमिनच्या, ताकदीच्या, हर्बल डब्यांना. त्यात बार्लीच्या कोवळ्या पातीची पावडर, गव्हांकुर, माल्ट, काहीही असतं आणि "नैसर्गिक" लिहिलं की आपण खूश. क्रीम, मलम यांचं टेन्शन घेऊ नका, ग्लुटेनचा रेणू मोठा असतो, धड कातडीतून आत जात नाही. ओठांना लावायचं आणि तोंडात घ्यायचं तेवढं बघा, कारण ते पोटात जातं.

(लॅपटॉपवर मेल.)

आता ते कंपनीचं उत्तर. पहिलं आलं ते असं की आमच्या उत्पादनात ग्लुटेन मुद्दाम घातलेलं नाही, परंतु उत्पादन ग्लुटेनमुक्त असल्याची चाचणी आम्ही करत नाही. हे वाचून आधी पोटात गोळाच आला. पण ही वकिलाची भाषा आहे, यात नाही म्हटलेलं नाही आणि हो पण म्हटलेलं नाही. चूक माझी पण होती. मी विचारलं होतं "तुमची गोळी ग्लुटेन फ्री आहे का", त्यावर कोणतीही कंपनी असंच लिहिणार. मग फार्मासिस्टच्या मदतीने परत मेल केला, औषधाचं नाव, किती मायक्रोग्रॅमची, बॅच नंबर, आणि एकच प्रश्न, यातला स्टार्च कोणत्या धान्याचा किंवा कंदाचा आहे. मायक्रोग्रॅम लिहायचे कारण त्याच कंपनीच्या 50 च्या आणि 75 च्या गोळीत रंग वेगळा असतो, कधी अजून काहीतरी पण.

तोपर्यंत गोळी परत सुरू होऊन तीन आठवडे झाले होते, पोट एकदम ठीक, म्हणजे उत्तर मला तसं माहीतच होतं. तरी मेल उघडताना हात थांबला. चार ओळींचं नमस्कार-चमत्कार आणि मध्ये एक शब्द.

मका.

(वहीचं पान. हाताने लिहिलेल्या ओळी.)

ही वही तेव्हापासूनची. औषध, कंपनी, किती मायक्रोग्रॅम, बॅच, कोणाला विचारलं, कधी, काय उत्तर. या पहिल्या ओळीच्या शेवटी "मका" लिहिलंय, आणि खाली दुसऱ्या पेनाने जे आहे ते चार महिन्यांनी लिहिलेलं. "डबा परत बदलला. मेल टाकला. गोळी चालू."