ओहोटीची वेळ

नमस्कार श्रोतेहो. आज तुम्हाला जुव्याला नेतो. जुवें, म्हणजे आपलं सांत इस्तेव्ह. भेंडी घेताना "जुव्याची का?" असं विचारल्याशिवाय ज्यांचा हात टोपलीत जात नाही, त्यांना वाट सांगायला नको. तशी भेंडी उभ्या गोव्यात दुसरीकडे नाही, असं माझं ठाम मत आहे. फिकट हिरवी, लांब, शिरांची. ती नुसती परतावी, तिच्यावर मसाल्यांचा मारा करू नये.

असो. गोष्ट १६८३ सालची. एक शब्द तेवढा लक्षात ठेवा, ओहोटी.

आधीचं थोडक्यात सांगतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पोर्तुगीज विजरई, म्हणजे व्हाइसरॉय, कोंद द आल्व्होर, मराठ्यांच्या फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला. तोफांनी तट फोडला, पण आत येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी होते. पुढे संभाजी महाराज स्वतः आले, तेव्हा विजरईला वेढा उठवून दुर्भाटच्या वाटेने परतावं लागलं. कृष्णाजी त्या लढाईतल्या जखमांनी गेला. फोंड्याच्या बसस्टँडवर रोज हजारो माणसं उतरतात, त्यांतल्या किती जणांना हे नाव ठाऊक असेल? एखाद्या चौकाला तरी द्यायला हवं.

आता जुवें. जुनं गोवं ही तेव्हाची पोर्तुगीज राजधानी. तिच्या ईशान्येला, मांडवीच्या फाट्यांमधलं हे बेट. टेकडीवर पोर्तुगिजांचा छोटा किल्ला होता, आणि त्यांची सगळी भिस्त भोवतालच्या पाण्यावर. पण ते पाणी दिवसातून दोनदा उतरतं. २४ नोव्हेंबरच्या रात्री ओहोटी लागली, आणि मराठे पार होऊन किल्ल्यात शिरले. सकाळी राजधानीच्या उंबरठ्यावर मराठे उभे!

विजरई संतापून स्वतः फौज घेऊन बेटावर उतरला. मराठी घोडदळापुढे त्याची फौज टिकली नाही. माणसं पाण्याकडे पळाली, आणि विजरईही कसाबसा जीव वाचवून पलीकडे गेला.

इथे थोडं थांबतो. जुव्याच्या बांधावर मी ओहोटीच्या वेळी उभा राहिलो आहे. एक पाऊल खाली टाकलं तर गुडघ्यापर्यंत चिखल. चप्पल आत राहिली ती राहिलीच, आणि शिंपल्याने टाच कापली. कुर्ल्या बिळांतून बाहेर आल्या होत्या. मी पाय धुवेपर्यंत बिळं दिसेनाशी झाली. भरती गाजावाजा करत येत नाही. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, फळ्यांशी पाणी चुळचुळतं आणि बघता बघता कमरेला लागतं.

तेच पाणी त्या दिवशी चढत होतं. विजरई निसटतोय हे पाहून महाराजांनी घोडा खाडीत घातला. भरती लागलेली, घोड्याचे पाय सुटले, घोडा पोहणीला लागला. तेव्हा मागून खंडो बल्लाळ चिटणिसांनी उडी घातली, घोड्याला आवरलं आणि महाराजांना काठाला आणलं. बखरीतली ही कथा तुम्ही ऐकली असेल. पण खंडो बल्लाळ कोण, हे सांगताना माझा आवाज अजून जड होतो. बाळाजी आवजी चिटणिसांचा हा मुलगा. त्या बाळाजींना दोनच वर्षांपूर्वी, १६८१ मध्ये, याच महाराजांच्या हुकमाने देहान्त शिक्षा झाली होती. थोरला भाऊही गेला होता. पुन्हा सांगतो, बाप गेला, भाऊ गेला, आणि दोन वर्षांनी भरतीच्या पाण्यात उडी घातली ती त्याच धन्यासाठी. त्या क्षणी त्या तरुणाच्या मनात काय आलं असेल, याचा मी कितीतरी रात्री विचार केला आहे.

आणि पलीकडच्या काठावर काय झालं? विजरई जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमध्ये गेला. सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडली. आपल्या अधिकाराची काठी त्याने संताच्या देहापाशी ठेवली. सोबत लिहिलेला कागद. आता हे राज्य तूच सांभाळ! फौजेचा सरदार अधिकाराची काठी संताला देऊन मोकळा होतो, असा प्रसंग मला युद्धाच्या इतिहासात दुसरा भेटलेला नाही. मी हे आदराने सांगतोय. माझ्या शेजारणीबरोबर मीही त्या देवळात रांगेत उभा राहिलो आहे. घाबरलेलं माणूस तिथे कसं टेकतं, ते पाहिलं आहे. पुढे नवा गव्हर्नर आला की काठी घ्यायला तिथेच जाण्याची रीत पडली.

त्यानंतर औरंगजेबाचा मुलगा शाह आलम याची मोगल फौज कोकणात उतरली, आणि जानेवारीत महाराजांना गोव्यातून निघावं लागलं. शहर वाचलं. गोव्यातले ख्रिस्ती लोक त्याचं श्रेय संताला देत आले.

विजरईने मात्र राजधानी मुरगावला हलवायचं मनावर घेतलं, आणि १६८५ मध्ये तिथे कामही सुरू केलं. जुव्यासमोरचं ते उतरलेलं पाणी त्याच्या डोळ्यांपुढून गेलं नसावं.