कात्री हातात द्या

नमस्कार श्रोतेहो. आजारी माणसाला चित्रकलेचा काय उपयोग, हे सांगायचंच आहे, पण आधी ऑन्री मातीसचा किस्सा ऐका.

1941. या फ्रेंच चित्रकाराचं वय 71. ल्यों शहरात त्याच्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण फार वेळ उभं राहवेना. बिछाना, नाहीतर चाकांची खुर्ची. मग गड्यानं कात्री घेतली. मदतनीस कागदाला गुआश फासून द्यायच्या, म्हणजे आपल्या पोस्टर कलरचाच भाऊबंद. मातीस आकार कापायचा, मदतनीस तो सांगेल तिथे भिंतीवर टाचायच्या.

1952च्या उन्हाळ्यात त्याला पोहणारी माणसं बघायची हुक्की आली. कान गावच्या पोहण्याच्या तलावावर नेलं, तर ऊन असं रणरणतं की बसवेना. घरी आल्यावर म्हणाला, माझा तलाव मीच करतो! जेवणाच्या खोलीत, भिंतींवर डोक्याच्या जरा वर पांढऱ्या कागदाचा पट्टा लावून घेतला आणि निळ्या कागदातून सूर मारणारी माणसं कापत सुटला. वय 82! तो तलाव आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

तर कात्री. इथे चित्र ‘काढता’ यावं लागत नाही. एलिमेंट्री-इंटरमिजिएटच्या परीक्षांनी अर्ध्या महाराष्ट्राला आपला हात वाईट आहे हे पटवून ठेवलंय, म्हणून मुद्दाम सांगतो.

जाड ड्रॉइंग पेपर घ्या. पोस्टर कलर दह्याइतका दाट ठेवा. पातळ झाला तर कागद सुरकुततो, फार थापला तर कापताना पोपडे निघतात. वाळला की रात्रभर वह्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवा, नाहीतर गुंडाळी होते. गोल टोकाची कात्री द्या. कात्री जागेवर, फिरवायचा तो कागद. पुन्हा सांगतो, फिरवायचा कागद. मनगटाला ताण कमी पडतो आणि दुसरा हातही कामाला लागतो. एक हात लुळा असेल तर कात्री नको, कागद पाटाला मास्किंग टेपनं चिकटवून फाडू द्या. सलाईनच्या हाताला काम नको. पंधरा-वीस मिनिटांत थांबवा, हुरूप असला तरी.

आकार आधी टाचणीनं लावा, डिंक दुसऱ्या दिवशी. जागा बदलत बसण्यात दुखण्यावरचं लक्ष उडतं, ठणका तेवढ्यापुरता मागे पडतो. गोळ्या मात्र वेळेवरच. आणि नातेवाईक मंडळी, ‘हे काय, कावळा का?’ असं विचारू नका. कुठे लावू, एवढंच विचारा.