सहा पिवळे नमुने

श्रोतेहो, नमस्कार. एचआयव्ही आणि एड्सबाबतचं आपलं राष्ट्रीय धोरण, असा आजचा विषय आहे. धोरणाकडे येऊच, पण आधी मद्रासला जाऊ या.

ऐंशीच्या दशकात एड्स हा अमेरिकेतला आजार, आपल्याकडे कुठला येतोय, अशी डॉक्टरांचीसुद्धा समजूत होती. मद्रास मेडिकल कॉलेजात डॉ. सुनीती सोलोमन शिकवत होत्या. माहेरच्या त्या गायतोंडे, तिकडेच वाढलेल्या मराठी घरातल्या. त्यांनी निर्मला नावाच्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी विषय दिला : शहरात एचआयव्ही आहे का, ते शोध. (मागच्या वर्षीचा प्रबंध समोर ठेवून आपला उतरवणाऱ्यांनी इथे जरा कान द्यावा.)

निर्मला बिचकली. पण नवरा पाठीशी उभा राहिला. बसचं भाडं वाचावं म्हणून तो तिला स्कूटरवरून सुधारगृहाशी सोडायचा. देहविक्रीच्या आरोपाखाली पकडलेल्या बायकांना तिथे ठेवत. त्यांचं रक्त घ्यायचं आणि नमुने ठेवायचे कुठे, तर घरच्या फ्रीजमध्ये! दुसरी सोयच नव्हती. तपासणीची सोय वेल्लोरला. १९८६ च्या फेब्रुवारीत बर्फाच्या पेटीत नमुने भरून नवरा-बायको रात्रीच्या गाडीने निघाले.

सकाळी काम सुरू झालं. दुपारी वीज गेली, म्हणून मंडळी चहाला उठली. परत येऊन झाकण उघडतात तो सहा नमुने पिवळे! पिवळे म्हणजे एचआयव्ही असल्याची खूण. कुणाचा विश्वास बसेना. पुन्हा रक्त घेतलं, नमुने अमेरिकेला पाठवले. तिथूनही तेच उत्तर आलं, आणि मे महिन्यात विधानसभेत ते जाहीर करावं लागलं. आम्ही सरकारी महाविद्यालयांना नावं ठेवतो, पण हा शोध कुणा बड्या कंपनीने लावलेला नाही, एवढं मी जाईन तिथे सांगतो.

एक गोष्ट मात्र खटकते. कसली तपासणी चालली आहे, हे त्या बायकांना कुणी सांगितलंच नव्हतं. आज तसं करता येत नाही. २०१७ चा कायदा आहे, २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय तपासणी नाही, तुमचा अहवाल चारचौघांत सांगायचा नाही, आणि एचआयव्ही आहे एवढ्या कारणावरून नोकरीवरून काढायचं नाही.

आता धोरण, थोडक्यात. १९९२ मध्ये नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, स्थापन झाली. १ एप्रिल २००४ पासून एआरटीची, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणारी, औषधं सरकारतर्फे मोफत मिळू लागली. पूर्वी सीडी-फोर पेशी, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी, ठरावीक आकड्याखाली जाईपर्यंत औषध थांबवून ठेवत. २०१७ पासून तसं नाही. निदान झालं की औषध सुरू. पुन्हा सांगतो : निदान झालं की औषध सुरू, आणि तेही मोफत.

पंच्याण्णव-पंच्याण्णव-पंच्याण्णव हे ध्येय तुमच्या कानावर आलं असेल. लागण झालेल्या शंभरातल्या पंच्याण्णवांना ती माहीत असावी, माहीत असलेल्यांतले पंच्याण्णव टक्के औषधावर असावेत, आणि औषध घेणाऱ्यांतल्या पंच्याण्णव टक्के लोकांच्या रक्तातला विषाणू दबलेला असावा. नेमाने गोळी घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणूचा साठा, तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. आई वेळेवर औषधावर असेल, तर बाळाला लागण होण्याचा धोकाही फार कमी होतो. म्हणून गरोदरपणात तपासणी लवकर करून घ्या. निरोध वापरा, हे तर तुम्हाला माहीत आहेच.

हे सगळं ज्यांच्या जिवावर चालतं, ते समुपदेशक वर्षानुवर्षं कंत्राटावर राबतात. त्यांना कायम करायला हवं, हे माझं मत. विषय तो नाही, पण बोलून टाकलं.

तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, होते. काही विचारायचं असेल, तर हेल्पलाइन १०९७. लिहून घ्या : एक, शून्य, नऊ, सात. फोन मोफत आहे.