१००, ५०, ५०: बॉइंक संगणकाचा वेळ कसा वाटून देतं

[दृश्य: घरातला साधा संगणक. पडद्यावर बॉइंकची कामांची यादी.]

बॉइंक म्हणजे घरच्या संगणकाचा वेळ शास्त्रज्ञांच्या निरनिराळ्या प्रकल्पांच्या गणिताला देणारा प्रोग्राम. त्याच्या या यादीत नऊ ओळी आहेत. चार ओळींपुढे 'रनिंग' लिहिलंय. तीन ओळींपुढे 'रेडी टू स्टार्ट', म्हणजे काम उतरवून घेतलंय, पण त्याला अजून हात लागलेला नाही. उरलेल्या दोन ओळींपुढे 'वेटिंग टू रन'. ही दोन कामं अर्ध्यावर बाजूला ठेवली आहेत. त्यातलं एक तर ६१ टक्के झालेलं आहे.

बॉइंक नव्याने बसवणारा माणूस नेमका इथे गोंधळतो. हातातलं काम एवढं पुढे गेलेलं असताना ते थांबवून दुसरं का काढलं? आणि हे ठरवलं कोणी?

ठरवलं याच संगणकाने. कुठल्याही विद्यापीठातला सर्व्हर त्याला हे सांगत नाही. प्रत्येक प्रकल्पाला फक्त स्वतःपुरतं माहीत असतं. या संगणकावर आणखी कोण कोण पाहुणे आहेत आणि मालकाने कोणाला किती वाटा कबूल केलाय, ही सगळी बेरीज इथेच, घरातल्या यंत्रावर होते.

[दृश्य: अरेसिबोची रेडिओ दुर्बीण, जुनं चित्रण.]

पण एवढी धडपड कशासाठी, ते आधी पाहू.

ऑगस्ट २०१० मध्ये एका नव्या पल्सारची, म्हणजे फिरता फिरता रेडिओ लहरींचे नियमित ठोके देणाऱ्या ताऱ्याची, घोषणा झाली. स्वतःभोवती सेकंदाला जवळपास ४१ फेऱ्या घेणारा हा तारा पोर्टो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींमध्ये दडलेला होता. त्याची खूण सापडली अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीत माइन्झला राहणाऱ्या एका माणसाच्या संगणकावर. दोन ठिकाणी, कारण एकच काम दोन अनोळखी यंत्रांना द्यायचं आणि उत्तरं जुळली तरच मान्य करायची, अशी तिथली रीत होती. बॉइंकवर चालणाऱ्या या प्रकल्पाचं नाव आइन्स्टाइन ॲट होम.

याच प्रकल्पाचं मूळ काम म्हणजे लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या नोंदींमध्ये, फिरणाऱ्या अतिघन न्यूट्रॉन ताऱ्यांकडून सतत येणाऱ्या गुरुत्वीय लहरी शोधणं. त्या आजवर सापडलेल्या नाहीत. आकाशातली प्रत्येक दिशा, प्रत्येक वारंवारता, ताऱ्याचा वेग मंदावण्याचा प्रत्येक संभाव्य दर तपासायचा, म्हणजे गणिताला अंतच नाही. लायगोची वेधशाळा आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिथे नोंदी सुरू झाल्या की हा शोध आणखी खोलवर नेता येईल आणि गणिताची भूकही वाढेल.

[दृश्य: कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली.]

१९९९ मध्ये बर्कलीहून सेटी ॲट होम हा परग्रहांवरच्या बुद्धिमान जीवांचे संकेत शोधणारा प्रकल्प सुरू झाला तेव्हा एक प्रकल्प, एक प्रोग्राम असा मामला होता. दुसऱ्या शास्त्रज्ञाला तेच करायचं तर सगळं पहिल्यापासून लिहावं लागायचं. डेव्हिड अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग सर्वांना वापरता येईल असा सामाईक पाया तयार केला, तोच हा बॉइंक. आणि सामाईक पाया आला की वाटणीचा प्रश्नही आलाच.

[दृश्य: सेटिंगचं पान. प्रकल्पांच्या नावांपुढे आकडे.]

प्रत्येक प्रकल्पापुढे एक आकडा असतो. त्याला म्हणतात रिसोर्स शेअर. आपण हात लावला नाही तर तो १०० असतो. हा टक्का नव्हे, नुसतं प्रमाण. समजा आइन्स्टाइनला १०० दिले. ऑक्सफर्डच्या हवामान प्रकल्पाला, क्लायमेट प्रेडिक्शनला ५०. आणि प्रथिनांच्या घडणीवर काम करणाऱ्या रोझेटाला ५०. हा रोझेटा डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेचा. बेकर यांना २०२४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिन्ही आकड्यांची बेरीज २००. म्हणजे एकाला निम्मा, बाकी दोघांना पाव पाव.

आता लोक अपेक्षा करतात की रोज संध्याकाळी बघावं तर हिशेब बरोब्बर निम्मा, पाव, पाव असावा. तसा तो दिसत नाही, आणि मग आकडे खालीवर करण्याचा, हे काम थांबव, ते सोड, असा खेळ सुरू होतो. माझं स्पष्ट मत आहे की हा खेळ करू नये. बॉइंक शब्द पाळतं, पण आठवड्या-महिन्यांच्या हिशेबात.

हा हिशेब ठेवायला त्याच्याकडे प्रत्येक प्रकल्पाच्या नावावर एक खातं असतं, 'रिसेंट एस्टिमेटेड क्रेडिट'. त्यात नुसते तास मोजत नाहीत. ज्या प्रोसेसरवर किंवा ग्राफिक्स कार्डवर काम चाललं त्याची ताकदही धरतात. आणि खातं जुनं विसरत जातं. मूळ सेटिंगनुसार दहा दिवसांपूर्वीचं काम आज निम्म्या वजनाचं, वीस दिवसांपूर्वीचं पाव, महिन्यापूर्वीचं आठवा हिस्सा. कबूल केलेल्या वाट्याच्या मानाने ज्याचं खातं सर्वांत मागे, त्याचा नंबर पुढे. मूळ सेटिंगप्रमाणे दर ६० मिनिटांनी हा नंबर पुन्हा पाहिला जातो.

म्हणूनच नवा प्रकल्प जोडला की सुरुवातीचे काही दिवस तोच सगळं यंत्र खातोय असं वाटतं. त्याचं खातं कोरं असतं, एवढंच. थोडं थांबलं की गाडी रुळावर येते.

एखाद्या प्रकल्पाकडे काही दिवस कामच नसेल तर? कॅनॉलच्या पाण्याच्या पाळीत ज्याचं रान तयार नाही त्याच्यासाठी पाणी अडवून धरत नाहीत, पुढच्या शेताला सोडतात. इथेही तसंच. वेळ बाकीच्यांना जातो. तो प्रकल्प परतला की काही काळ त्याला जास्त मिळतं. पण महिनोन्‌महिने जुनी थकबाकी वसूल होत नाही, कारण खातं विसरत गेलेलं असतं. बॉइंकच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये 'डेट', म्हणजे देणं, मोजायचे. आताची पद्धत मला जास्त समंजस वाटते.

[दृश्य: कामाच्या ओळीतला डेडलाइनचा रकाना, जवळून.]

आता ते ६१ टक्क्यांवर थांबलेलं काम. इथे दुसरा नियम मध्ये येतो, मुदतीचा.

प्रोसेसरचा एकच कोअर वापरायला दिलेला, म्हणजे एका वेळी एकच काम चालवणारा लॅपटॉप घ्या. तो रोज चार तास चालू असतो. रोझेटाचं काम आलं, आठ तासांचं, आणि मुदत तीन दिवस. तीन दिवसांत लॅपटॉप चालणार बारा तास. रोझेटाचा वाटा पाव, म्हणजे तीन तास. आठ तासांचं काम तीन तासांत कसं व्हायचं?

बॉइंक हे आधीच ताडतं. हातातली सगळी कामं ठरलेल्या वाट्याने चालवली तर कोणतं केव्हा संपेल, याची ते मनातल्या मनात रंगीत तालीम करतं. हा संगणक रोज किती वेळ चालू असतो हेही त्याने टिपून ठेवलेलं असतं. जे काम मुदत चुकवणार असं दिसलं, ते वाटणीची रांग मोडून पुढे घेतलं जातं. अशी कामं अनेक असतील तर ज्याची मुदत सर्वांत जवळ ते पहिलं. हवामानाचं काम तोवर बाजूला. त्याची मुदत लांबची असते, त्याला थांबणं परवडतं. आणि मधे मधे चेकपॉइंटला ते स्वतःची स्थिती डिस्कवर लिहीत असल्यामुळे ६१ टक्के कुठे जात नाहीत.

रांग मोडून मिळालेले तास रोझेटाच्या खात्यावर चढतात. त्यामुळे पुढचं काम मागताना त्याचा नंबर मागे जातो. या एकाच वर्तुळात मुदतही पाळली जाते आणि वाटाही. ते पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

ग्राफिक्स कार्ड असेल तर चित्र आणखी वेगळं दिसतं. कार्डावर एकट्या आइन्स्टाइनचं काम चालत असेल तर त्याच्या खात्यात इतकी भर पडते की प्रोसेसरचे सगळे कोअर बाकी दोघांकडे जातात. बिघाड नाही तो. वाटा संपूर्ण यंत्राचा मोजला जातो, प्रोसेसर वेगळा आणि कार्ड वेगळं असा नाही.

एक सल्ला मात्र देतोच. अनेक प्रकल्प असतील तर कामांचा साठा लहान ठेवा. सेटिंगमध्ये कित्येक दिवसांचा साठा मागता येतो. पण साठा जितका मोठा तितक्या मुदती अंगावर येतात, आणि वाटणी सोडून नुसती धावपळ उरते.

[दृश्य: रिसोर्स शेअरच्या चौकटीत शून्य लिहिलं जातं.]

या चौकटीत शून्यही लिहिता येतं. शून्य म्हणजे बंद नव्हे. तो प्रकल्प राखीव होतो, आणि बाकी कोणाकडेच काम नसेल तेव्हाच त्याच्याकडे मागणी जाते.

३१ मार्च २०२० ला सेटी ॲट होमने नवं काम पाठवणं थांबवलं. ज्यांच्या यादीत दुसरा प्रकल्प होता, त्यांना काहीही करावं लागलं नाही. सेटीकडे काम मागितलं, मिळालं नाही, आणि बॉइंकने पुढच्या सर्व्हरकडे मागणी केली. त्या दिवसांत रोझेटा कोरोनाविषाणूच्या प्रथिनांवरची कामं वाटत होता.