नळ्यांची दाटी आणि टोकाची धार

धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायचा रुळलेला मार्ग म्हणजे धातू तापवणं. टंगस्टनची तार अडीच हजार केल्विनच्या आसपास नेली की इलेक्ट्रॉन बाहेर पडू लागतात. आज बोलायचं आहे ते काहीही न तापवता, नुसत्या विद्युत क्षेत्राने ते ओढून काढण्याबद्दल.

याचं गणित फाउलर आणि नॉर्डहाइम या भौतिकशास्त्रज्ञांनी १९२८ साली मांडलं. इलेक्ट्रॉनला आत अडवणारी एक ऊर्जेची भिंत असते. नॅनोट्यूबसाठी, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळीसाठी, ती साधारण ५ इलेक्ट्रॉन व्होल्टची (हे ऊर्जेचं एकक) धरा. क्षेत्र वाढवलं की भिंत पातळ होते, आणि ती नॅनोमीटरभर उरली की इलेक्ट्रॉन तिच्यावर न चढता आरपार जातो. हेच टनेलिंग. पण त्यासाठी दर नॅनोमीटरला ३-४ व्होल्ट लागतात. दोन सपाट पत्रे एक मिलिमीटरवर ठेवले, तर ४० लाख व्होल्ट द्यावे लागतील!

इथे नॅनोट्यूब कामाला येते, कारण बारीक टोकाशी क्षेत्र एकवटतं. समजा, नळी ५ मायक्रोमीटर उंच आहे आणि तिची त्रिज्या ५ नॅनोमीटर. उंची त्रिज्येच्या हजारपट, म्हणून टोकाशी क्षेत्रही ढोबळमानाने हजारपट. तेच काम आता ४ हजार व्होल्टमध्ये होतं. १९९५ साली अशा नळ्यांमधून प्रवाह मिळाल्याचे शोधनिबंध आले आणि सगळ्यांना वाटलं, आता टीव्हीचे सपाट पडदे याच्यावरच चालणार.

अडलं कुठे, ते प्रयोगशाळेत डोळ्यांनी दिसतं. निर्वात कक्षात नळ्यांच्या थरासमोर फॉस्फरचा, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळले की उजळणारा, पडदा ठेवून मी हळूहळू व्होल्टेज चढवतो. पडदा एकसारखा उजळत नाही. आधी एक ठिपका, मग दुसरा, मध्येच एखादा लुकलुकतो आणि कायमचा विझतो. लाखो नळ्या उभ्या असतात, बोलतात मात्र मोजक्याच. कारण त्याच गणितात आहे: टोकावरचं क्षेत्र दहा टक्क्यांनी घटलं, तर प्रवाह आठ-नऊ पटींनी घटतो. म्हणजे जरा उंच, जरा बारीक असलेली नळी जवळपास सगळा भार उचलते, आणि जळतेही तीच आधी.

मग नळ्या आणखी दाट उगवाव्यात का? आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक नवा विद्यार्थी हेच सुचवतो, आणि ही चूक मला फार महत्त्वाची वाटते. शेजारी-शेजारी उभ्या नळ्या एकमेकींचं क्षेत्र झाकतात. अगदी खेटून उभ्या केल्या, तर क्षेत्राच्या दृष्टीने त्यांचा सपाट पृष्ठभागच होतो आणि टोकाची धार जाते. दोन नळ्यांमध्ये उंचीच्या साधारण दुप्पट अंतर ठेवलं, की थराच्या दर चौरस सेंटिमीटरला चांगला प्रवाह मिळतो. म्हणून आम्ही ज्यावर नळी उगवते त्या उत्प्रेरकाचे ठिपके आखून, मोजून अंतरावर नळ्या वाढवतो. निर्वातही चोख लागतो. टोकावर वायूचे रेणू चिकटले की प्रवाह डळमळतो.

पडद्यांच्या बाजारात हे तंत्र टिकलं नाही. क्ष-किरण नळीत मात्र त्याला खरी जागा मिळाली. तापायची वाट नाही, मायक्रोसेकंदात चालू-बंद होतं. त्यामुळे एकच स्रोत रुग्णाभोवती फिरवण्याऐवजी अनेक स्रोत रांगेत पक्के बसवून, एकामागून एक पेटवून वेगवेगळ्या कोनांतून चित्रं घेता येतात.